सोड्याच्या गोळीमागचा प्रश्न

सप्रेम नमस्कार दादा,

तुमची लेक बीएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांना मूत्रपिंडाच्या आजारात सोड्याच्या, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच्या, गोळ्या का देतात, हे शोधताना तिला पेशींतल्या बायकार्बोनेटच्या वाहतुकीचं वेड लागलं. आणि तुम्ही विचारता, ‘यात पोट भरेल का, की सरळ बीएड करू दे?’

तिचा प्रश्न फार मोलाचा आहे, दादा. आपल्या रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, ७.३५ ते ७.४५ एवढ्याच अरुंद पट्ट्यात राहतो, आणि तो तिथे धरून ठेवायला बायकार्बोनेट लागतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यात चार हजारांहून जास्त मिलिमोल बायकार्बोनेट असतं, आणि ते जवळपास सगळं परत रक्तात ओढलं जातं. हे काम करणाऱ्या एनबीसीई-१ या प्रथिनाचं जनुक १९९७ मध्ये अमेरिकेत रोमेरो, बोरॉन आणि सहकाऱ्यांनी सॅलॅमँडरच्या मूत्रपिंडातून मिळवलं. त्यांची पद्धत अशी: बेडकाच्या मोहरीएवढ्या अंड्यात प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा आरएनए टोचायचा, काचेच्या सुया खुपसायच्या, बायकार्बोनेट दिल्यावर विद्युतदाब हलतो का ते बघायचं. माणसात हेच प्रथिन बिघडलं तर मुलाची वाढ खुंटते, डोळ्यांवरही परिणाम होतो.

प्रवेशअर्जावर ‘बायकार्बोनेटची वाहतूक’ या नावाचा विषय मात्र सापडणार नाही. बायोकेमिस्ट्री, बायोफिजिक्स किंवा फिजिऑलॉजीत एमएस्सी करायची आणि पुढे पेशीपटलावर काम करणारी प्रयोगशाळा गाठायची. एमएस्सी प्रवेशाची जॅम आणि पुढे संशोधनवृत्तीसाठीची सीएसआयआर-नेट, या परीक्षांची तयारी आत्तापासून हवी. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी तिने जरूर अर्ज करावा. दोन महिने प्रयोगशाळेत काढले की आवड खरी किती ते तिचं तिलाच कळेल.

पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात, त्यानंतरही पक्की नोकरी लगेच मिळेलच असं नाही. घराला दोन वर्षांत तिच्या पगाराची गरज असेल तर तसं तिला आजच मोकळेपणाने सांगा. बीएड पुढेही करता येतं.

ती गणित टाळते, याची मला जास्त काळजी वाटते. आजोबांच्या रक्तवायू तपासणीचा कागद तिच्यापुढे ठेवा. कार्बन डायऑक्साइडच्या दाबाला ०.०३ ने गुणायचं, त्याने बायकार्बोनेटला भागायचं, लॉग काढून त्यात ६.१ मिळवायचे. कागदावरचा पीएच यायला हवा. नाही आला तर चूक शोधत ती किती वेळ बसते, ते शेजारी बसून बघा आणि मला कळवा.