वाचकांचे प्रश्न : हाडातल्या प्लेट आणि स्क्रू

प्रश्न : आईच्या घोट्याच्या ऑपरेशननंतर काढलेल्या एक्स-रेत प्लेटच्या बाहेर एक सुटा, तिरका स्क्रू दिसतो. तो प्लेटमध्ये बसवायचा राहून गेला का?

उत्तर : नाही, तो मुद्दाम तसा घातलेला आहे. हाड तिरके मोडले असेल, तर दोन तुकडे एकमेकांवर घट्ट दाबून धरण्याचे काम असा स्क्रू करतो. त्याला लॅग स्क्रू म्हणतात. खरी करामत भोक पाडण्यात असते. ३.५ मिमीचा स्क्रू वापरायचा असेल, तर अलीकडच्या तुकड्यात ३.५ मिमीचेच भोक पाडतात, म्हणजे तिथे आटे पकड घेत नाहीत आणि स्क्रू मोकळा सरकतो. मग त्या भोकात नळी घालून पलीकडच्या तुकड्यात २.५ मिमीचे भोक पाडतात. आटे फक्त तिथे रुततात. आवळताना स्क्रूचे डोके अलीकडचा तुकडा दाबते, आटे पलीकडचा ओढून घेतात आणि फट मिटते. दोन्हीकडे २.५ मिमीचेच भोक पाडले, तर आटे दोन्ही तुकड्यांना पकडतात आणि मधली फट जशीच्या तशी राहते.

स्क्रू मोडीच्या रेषेला काटकोनात हवा. कोन चुकला, तर आवळता आवळता तुकडे एकमेकांवरून घसरतात आणि छान जुळलेले हाड डोळ्यांदेखत सरकते. एकटा लॅग स्क्रू वाकणे आणि पिळवटणे यांपुढे कमी पडतो, म्हणून त्याला सांभाळायला शेजारी प्लेट असते. तुमच्या आईच्या एक्स-रेतली प्लेट बहुधा तीच.

प्रश्न : मांडीचे हाड अनेक ठिकाणी मोडले होते. प्लेटला १४ भोके आहेत, स्क्रू मात्र सातच. मधली तीन भोके तर रिकामीच आहेत. एवढ्यावर हाड टिकेल?

उत्तर : टिकेल. सगळी भोके भरली असती, तर काळजी जास्त वाटली असती.

मोडलेल्या जागी जी हालचाल होते, ती फटीच्या रुंदीच्या तुलनेत मोजायची असते. १ मिमीच्या फटीत अर्धा मिमी हालचाल झाली, तर मधल्या ऊतीला ५० टक्के ताण बसतो. तेवढी हालचाल १० मिमीच्या तुकड्या-तुकड्यांच्या पट्ट्यात विभागली गेली, तर ताण ५ टक्केच. पक्के हाड सुमारे २ टक्क्यांपर्यंतच ताण सोसते, नवे, कोवळे हाड, म्हणजे कॅलस, साधारण १० टक्क्यांपर्यंत. म्हणून अनेक तुकडे असलेल्या मोडीत थोडी लवचीक रचना चालते, उलट कॅलस धरायला ती हालचाल हवीच असते. तिथे लांब प्लेट पुलासारखी टाकतात, तुकड्यांना हात लावत नाहीत (त्यांचा रक्तपुरवठा वाचवणे हा यातला अर्धा हेतू असतो) आणि मधली दोन-तीन भोके रिकामी ठेवतात. वाकण्याचा ताण मग प्लेटच्या मोठ्या लांबीवर पसरतो. मोडीच्या अगदी दोन्ही बाजूंना स्क्रू घातले, तर सगळा ताण एकाच रिकाम्या भोकाशी एकवटतो आणि प्लेट तिथेच तुटते. निम्म्याहून अधिक भोके भरू नयेत, हा अशा प्लेटसाठी चांगला अंदाज आहे.

एकाच रेषेत मोडलेल्या हाडाचा हिशेब उलटा असतो. तिथे फट मिटवून घट्ट दाबच हवा. अशा मोडीवर सैल पूल टाकून बारीक फट ठेवली, की हाड न जुळण्याची वाट आपणच मोकळी करतो.

प्रश्न : लॉकिंग प्लेट साध्या प्लेटपेक्षा नेहमीच चांगली असते का?

उत्तर : नाही. साधी प्लेट हाडावर दाबली जाते आणि घर्षणाने जागेवर राहते, त्यासाठी स्क्रूची हाडातली पकड भक्कम लागते. लॉकिंग स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात, ते प्लेटमध्येच गुंततात आणि प्लेट व स्क्रू मिळून एक सांगाडा होतो. ठिसूळ हाडात किंवा सांध्याजवळच्या छोट्या तुकड्यात याचा मोठा फायदा होतो. तरुण माणसाच्या पुढच्या हाताच्या (कोपर ते मनगट) साध्या मोडीला साधी प्लेट उत्तम काम देते.

लॉकिंगमध्ये क्रम चुकला की पंचाईत होते. एका बाजूला लॉकिंग स्क्रू बसल्यानंतर दुसऱ्या बाजूलाही बसवला, तर फट त्याच रुंदीत गोठते, नंतर कितीही आवळले तरी ती मिटत नाही. म्हणून आधी हाड जुळवा, दाब द्या, मग लॉक करा. भोक पाडताना प्लेटमध्ये घट्ट बसवलेली गाइड नळी वापरायलाच हवी. हाताने अंदाजे पाडलेल्या भोकात स्क्रूचे आटे तिरके चढतात, पकड कमी होते आणि पुढे तो काढताना अडकतो.

प्रश्न : मी ऑपरेशन थिएटरमध्ये तंत्रज्ञ आहे. ड्रिल चालू असताना सलाइन का ओतायचे?

उत्तर : घर्षणाने हाड तापते, सलाइन ते थंड ठेवते. ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिले तरी हाडाच्या पेशींना इजा होते. भोकाभोवतीचे हाड मेले, की काही आठवड्यांनी स्क्रू सैल पडतो. बोथट ड्रिल बिट हे तापण्याचे मोठे कारण आहे. सर्जनला नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागत असेल, तर बिट लगेच बदला.

प्रश्न : पाच महिन्यांनी प्लेट तुटली. मी पडलो नाही, धक्काही बसला नाही. धातू खराब होता का?

उत्तर : धातूत खोट असणे क्वचितच. बहुतेक वेळा हाड जुळलेले नसते. प्लेट हाडाचे काम काही महिनेच करते. हाड आधी जुळले तर भार त्याच्यावर जातो. नाही जुळले, तर प्रत्येक पावलागणिक वाकून धातूत सूक्ष्म तडा वाढत जातो, पुन्हा पुन्हा वाकवलेली तार तुटते तसा. त्यामुळे आता फक्त नवी, जाड प्लेट घालणे पुरेसे नाही. हाड का जुळले नाही ते शोधा: जंतुसंसर्ग, धूम्रपान, राहिलेली फट, रक्तपुरवठा तुटलेला तुकडा, किंवा सल्ल्याआधी टाकलेला पूर्ण भार. रक्ताच्या तपासण्या आणि सीटी स्कॅन करून घ्या. तिसऱ्या महिन्यानंतर वजन टाकताना दुखणे वाढत असेल किंवा एक्स-रेत स्क्रूभोवती काळसर कडा दिसत असेल, तर प्लेट तुटण्याची वाट पाहू नये.

प्रश्न : हाड जुळले, आता प्लेट काढावी का?

उत्तर : त्रास नसेल तर बहुतेकदा नको. टोचत असेल, स्नायूबंध घासत असेल किंवा संसर्ग असेल, तर काढावी. पुढच्या हाताची प्लेट फार लवकर काढली, तर हाड पुन्हा मोडण्याचा धोका असतो, म्हणून साधारण दीड-दोन वर्षे थांबतात. काढल्यावर स्क्रूची भोके काही महिने कमकुवत जागा म्हणून उरतात, त्या काळात खेळ आणि जड ओझे टाळा. जुन्या ऑपरेशनच्या नोंदीत प्लेटचा प्रकार लिहिलेला असतो, तो सर्जनला आधीच दाखवा. योग्य स्क्रूड्रायव्हर हाताशी नसला आणि स्क्रूच्या डोक्यातल्या खाचेत वाढलेले हाड खरवडून काढले नाही, तर खाच झिजते आणि अर्ध्या तासाचे काम दोन तासांवर जाते.