तालुक्याच्या कॉलेजात चर्चा मंडळाला नवीन पोरं मिळत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सिनिअर पास होऊन गेले, मंडळात चार-पाच जणं उरलेत, नोटीस बोर्डावर लावून झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून झालं, वर्गावर्गात जाऊन सांगून झालं, तरी फर्स्ट इयरचं कोणी फिरकत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात होतो तेव्हा हेच उद्योग करायचो, आता शेती बघतो पण ती पोरं अजूनही अधूनमधून बोलावतात, म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी ते "मंडळाचे सभासद व्हा" बंद करा. आपल्याकडच्या पोराला सभासद म्हटलं की सोसायटी नाहीतर पतसंस्था आठवते, आणि तिथं काय चालते ते त्यानं घरी बसून ऐकलेलं असते. त्याला मंडळात बोलवायचंच नाही. त्याला एका विषयापुरतं बोलवायचं, आणि तोही असा विषय की ज्यातलं त्याला तुमच्याहून जास्त कळते. "गुरुवारी आपण बोंडअळीवर बसतोय, तुमच्या घरी कापूस आहे ना, आमच्यातल्या कोणाले धड माहीत नाही, तू सांगशील का?" असं एकट्याला गाठून विचारलं की दहातले निम्मे तरी येतात. नोटीस वाचून येणारे जे असतात ना ते बहुतेक वक्तृत्व स्पर्धेवाले असतात, ते तसेही येतातच, त्यांची चिंता करू नका, किंवा खरं तर त्यांचीच करा, त्याच्यावर पुढे येतो.

एक प्रसंग सांगतो. 2017 ला आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी अन् मजूर दगावले होते ते तुम्हाला माहीत असेलच, तो विषय आम्ही एकदा घेतला. बोलणाऱ्या पोरांनी नेहमीचं दळण दळलं, अज्ञान, जनजागृती, शासनानं किट वाटल्या तरी लोक वापरत नाहीत वगैरे. दाराजवळ बीए फर्स्ट इयरचा एक पोट्टा बसला होता, त्याला मित्रानं ओढून आणलं होतं, तो मधेच म्हणाला, "दादा, ते किट घालून एक पंप मारून पाहा न तुम्ही. सप्टेंबरचं ऊन राहते, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली राहते, फवारा आपल्याच तोंडावर येते, अन् त्या मास्कात श्वास घ्याले होत नाही. अन् मजुराले पैसे पंपावर भेटते, तो थांबन का?" सगळे गप. मग त्याला एकेक विचारायला लागलो, नोझल कसं असते, औषध कोण मिसळते, दुकानदार सांगतो ते खरं का, दोन औषधं एकत्र करून का मारतात, आणि तो गडी बोलतच गेला. पुढच्या वेळी त्याच्या गावची अजून दोन पोरं सोबत आली, आम्ही कोणालाही काही न सांगता. भरती म्हणाल तर ही अशी होते.

दुसरी गोष्ट एसटी. हे कोणी लिहीत नाही पण आपल्याकडे मंडळ चालते की मरते ते बसच्या टाइमावर ठरते. तुम्ही बैठक ठेवली साडेतीनला आणि त्या पोरीची शेवटची गाडी चार वाजता, तर ती कशाला थांबेल, अन् ती गाडी चुकली तर घरून फोनवर फोन, दुसऱ्या दिवशी कॉलेजच बंद. म्हणून आधी एक काम करा, कोणत्या रूटवरून किती पोरं येतात ते काढा, कंडक्टरला विचारलं तरी सांगतो, आणि प्रत्येक रूटवरचा एक तरी जण धरा. एका गाडीत रोज तासभर सोबत बसणारी पोरं एकमेकांना जे सांगतात ते तुमच्या पोस्टरनं होत नाही. बैठक लेक्चरच्या मधल्या गॅपमध्येच ठेवा, पाऊण तास पुरे, दोन तास बसायचं तर होस्टेलची पोरंच उरतात. पोरींना एकेकटीला कधी विचारू नका, एका गावच्या दोघी-तिघींना मिळून विचारा, आणि विचारायला पण पोरगीच पाठवा, उगाच कोणाच्या तरी भावाच्या कानावर भलतंच जाऊन भानगड नको. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण गावात आहे हे असं आहे.

आता स्पर्धेवाले. आपल्याकडं वादविवाद स्पर्धा म्हणजे तेच तिघं, तेच हातवारे, तीच शेरोशायरी, अन् बाकीचे टाळ्या वाजवायला. ते पल्लेदार बोलायला लागले की नवीन पोट्टं मनातल्या मनात म्हणते, आपलं काम नाही बाप्पा हे, आणि परत येत नाही. त्यांना हाकलू नका पण टिपणं लिहायचं काम द्या, म्हणजे ऐकावं लागते. आणि शुद्ध भाषेचा आग्रह तर अजिबातच नको. आमच्याकडे तांड्यावरची बंजारा पोरं होती, कोलाम पोडावरची (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची) एक-दोन होती, ती घरी वेगळंच बोलतात, प्रमाण मराठी त्यांची तिसरी भाषा, कोणी एकदा जरी "असं नाही, असं म्हण" केलं की ते तोंड उघडायचं नावच घेत नाही. वऱ्हाडीत बोला, मिसळून बोला, चालू द्या.

मेंढा (लेखा) चं नाव ऐकलं असेल, गडचिरोलीत धानोरा तालुक्यात, देवाजी तोफा अन् मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे जे माहीत झालं, 2009 मध्ये जवळपास 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवलेलं गोंडांचं गाव. तिथं ग्रामसभा वेगळी आणि अभ्यास गट वेगळा. अभ्यास गटात फक्त बोलायचं, समजून घ्यायचं, निर्णय तिथं होत नाही, निर्णय ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीनं. मला ही रीत कॉलेजच्या मंडळासाठी फार कामाची वाटते, कारण शेवटी कोण जिंकलं हेच नसलं की हरण्याची भीती पण नसते, अन् लाजाळू पोरं नेमकी त्या भीतीपायीच येत नाहीत. आम्ही शेवटी हात वर करून मत घ्यायची पद्धत बंद केली त्यानंतर मागच्या बाकावरचे बोलायला लागले.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचं गणित वेगळं. सकाळी ग्राउंडवर 1600 मीटर मारून आलेला पोट्टा "व्यक्तिमत्त्व विकास होईल" ऐकून येत नाही, पोलीस भरतीत मुलाखतच नसते, 50 मार्कांचं ग्राउंड अन् 100 ची लेखी, बोलण्याचा त्याला काय उपयोग. त्याला चालू घडामोडी द्या, आठवड्याच्या बातम्यांवर अर्धा तास, तो वही घेऊन येईल आणि मग हळूहळू भांडायला पण लागेल. एमपीएससीवाल्यांना मात्र सरळ सांगा की राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, निबंध लिहावा लागतो, एका मुद्द्याची दुसरी बाजू मांडता आली पाहिजे, ती इथं फुकटात तयार होते. सर्टिफिकेटचं आमिष दाखवू नका, त्यानं गर्दी होते पण ती दोन बैठकांची, नंतर नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइलमध्ये फोटो तेवढे उरतात.

प्राध्यापक एक तरी सोबत लागतातच, खोली अन् चावी मिळवायला, पण त्यांना आधीच हात जोडून सांगा की सर तुम्ही मागे बसा अन् शेवटी अध्यक्षीय समारोप करू नका. आमच्या सरांना हे सांगायला मला लई घाम फुटला होता, पण ते ऐकले. प्रतिमापूजन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, आभार हे सगळं झालं की पाऊण तासातले दहा मिनिटं उरतात अन् त्यात पोरं चुळबुळ करत असतात. आणि निवडणूक जवळ आली की एखादा पुढारी भाऊ येईलच, "बॅनर मी देतो, चहा-नाश्ता मी देतो" म्हणत. घेऊ नका. बॅनरवर त्याचा फोटो लागला की दुसऱ्या गटाची पोरं त्या दिवसापासून बंद.

विषयांचं विचारलंत तर ग्रामसभेपासून सुरू करा, तुमच्या गावची ग्रामसभा खरंच भरते का की रजिस्टरवर सह्या घरोघरी फिरवून होते? कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते, हे बऱ्याच पोरांना माहीत नसते अन् 18 वर्षांवरचे आपणही त्यात मोजले जातो हेही नसते. नाहीतर कापूस घ्या, लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव 8110 रुपये क्विंटल आणि खेडा खरेदीवाला दारात येऊन किती देतो, तरी बाप त्यालाच का देतो. याच्यावर प्रत्येकाच्या घरचं काहीतरी असतेच.

वेळेचं बघा फक्त. जुलै-ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी जितकी पोरं धरता येतील तितकी धरा, कारण त्यानंतर सोयाबीन सोंगणीला आलं की वर्ग अर्धे रिकामे, मग कापूस वेचणी, दिवाळी, पेपर, तेव्हा मंडळ वाढवायच्या फंदात पडू नका, आहेत तेवढे टिकवा. जानेवारीत परत जोर लावा, तोवर रासेयोचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) सात दिवसांचा कॅम्प झालेला असतो, एकत्र राहून अन् संध्याकाळच्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन पोरांची भीड बऱ्यापैकी चेपलेली असते, कॅम्पवरून आले की त्याच आठवड्यात गाठा त्यांना.