‘टर्न-बेस्ड’: वळण नव्हे, पाळी

प्रश्न असा आहे: जुन्या जपानी धाटणीचे जे नवे आरपीजी, म्हणजे पात्रांच्या भूमिकेत शिरून खेळायचे व्हिडिओ गेम्स, निघतात, त्यांच्यावर मराठीत लिहिताना ‘टर्न-बेस्ड’ला, म्हणजे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने लढण्याच्या पद्धतीला, ‘वळणाधारित’ म्हणावं का? विचारणाऱ्याने आपलं एक वाक्यही दिलं आहे: ‘शत्रूचे वळण संपल्यावर तुमचे वळण सुरू होते.’

‘वळणाधारित’ नको. वळण रस्त्याला असतं, अक्षराला असतं, मुलांना लावलं जातं. पत्ते खेळताना कुणी ‘आता माझं वळण’ म्हणत नाही. खेळात येते ती पाळी. या शब्दाचा दुसरा अर्थ आठवून काहीजण बिचकतात, पण रात्रपाळी, दिवसपाळी, आळीपाळीने हे शब्द आपण रोज निःसंकोच वापरतो. इतका नेमका शब्द केवळ संकोचापायी सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

‘आधारित’चीही गरज नाही. जपानी खेळाडू या पद्धतीला ‘ताऽन-सेइ’ म्हणतात. ‘ताऽन’ त्यांनी इंग्रजीतून उचलला, ‘सेइ’ म्हणजे पद्धत. ‘बेस्ड’ची सावली तिथे पडलेलीच नाही. आपल्याकडे तर साधी षष्ठी पुरते: पाळीची लढाई, पाळीचा गेम.

खरी अडचण पुढे आहे. इंग्रजी ‘टर्न’ एकाच वेळी दोन कामं करतो. ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ मूळचा १९८८चा, २०२४मध्ये नव्या रूपात आला. त्यात आधी आपल्या सगळ्या पात्रांना हुकूम द्यायचे, मग ज्याच्या त्याच्या चपळाईप्रमाणे आपले आणि शत्रूचे वार होतात. हे सगळं मिळून एक ‘टर्न’, आणि त्यातल्या एकेकाची संधीही ‘टर्न’च. मराठीत हा गोंधळ होऊ देण्याचं कारण नाही. एकाची ती पाळी, सगळ्यांची एकदा झाली की फेरी, पाळीत जे केलं ती खेळी. (‘डाव’ मी अख्ख्या लढाईसाठी राखून ठेवीन.) ‘फायनल फँटसी १०’मध्ये (२००१) मात्र फेरी जवळजवळ जाणवतच नाही. पडद्याच्या कडेला क्रम दिसतो आणि एकेकाची पाळी येत जाते.

हा फरक नव्या गेम्समध्ये फार कामाला येतो, कारण त्यांची सगळी गंमत पाळीच्या देवघेवीत आहे. २०१८च्या ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’मध्ये शत्रूखाली ढालीचं चिन्ह आणि त्यात एक आकडा असतो. शत्रूला लागू पडणारं शस्त्र किंवा जादू वापरली की हा आकडा प्रत्येक फटक्याला एकाने उतरतो. शून्यावर आला की शत्रू कोलमडतो: या फेरीतली पाळी अजून झाली नसेल तर ती जाते आणि पुढच्या फेरीतलीही हुकते. हे ‘टर्न’ या एकाच शब्दात सांगून बघा, वाचणारा अडखळेल.

‘ब्रेव्हली डिफॉल्ट’ (जपानमध्ये २०१२) तर पाळीची उधारीच चालवतो. बचाव करत थांबलात की खेळी शिलकीत पडते. हवं तर पुढच्या खेळ्या आत्ताच उचलून एका दमात चार वार करता येतात, पण शिल्लक उणे झाली तर ती फिटेपर्यंत पात्र नुसतं उभं राहतं आणि मार खातं. इथे मी बेधडक ‘उसनी पाळी’ लिहीन. पाळी येते, जाते, चुकते, हुकते, राखता येते, उसनी घेता येते. इतकी क्रियापदं ‘वळण’ पेलणार नाही.

२०२५च्या फ्रेंच ‘क्लेर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन ३३’मध्ये शत्रूच्या पाळीतही वेळ साधून बटण दाबावं लागतं, नाहीतर वार चुकवता किंवा परतवता येत नाही. मग ही पाळीची लढाई राहिली का, असं विचारलं जातं. राहिली. वार कुणी करायचा हे अजूनही पाळीच ठरवते. सगळे वार परतवले तर लगेच बसणारा उलटा तडाखा हा त्या पाळीतला प्रतिवार, वेगळी पाळी नव्हे.

तेव्हा तुमचं वाक्य असं करा: ‘शत्रूची पाळी झाली की तुमची.’