‘बैर-शेबा’ : सात विहिरी की शपथेची विहीर?

आपण विचारले आहे की, मराठी बायबलमधील ‘बैर-शेबा’ या गावाच्या नावाचा अर्थ कोणी ‘सात विहिरी’ असा सांगतात, तर कोणी ‘शपथेची विहीर’ असा; यांपैकी खरा कोणता आणि हे नाव पडले कसे? ‘सात विहिरी’ हा अर्थ व्याकरणात बसत नाही, म्हणून तो आधी बाजूला ठेवतो. उरलेल्या ‘सात’ आणि ‘शपथ’ या दोन अर्थांपैकी एकाची निवड मात्र करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावातील पहिला शब्द ‘बेएर’ (मराठी रूप ‘बैर’). हिब्रू भाषेत पाण्याच्या जागांसाठी वेगवेगळे शब्द आहेत. आपोआप वाहणाऱ्या झऱ्याला ‘आयिन’ म्हणतात, पावसाचे पाणी साठवण्याच्या खोदलेल्या टाक्याला ‘बोर’ म्हणतात आणि जमिनीखालच्या जिवंत पाण्यापर्यंत खणत नेलेल्या विहिरीला ‘बेएर’ म्हणतात. अरबीतील ‘बिर’ हा याच शब्दाचा भाऊबंद असून, बैरूत या शहराचे नावही त्याच कुळातले मानले जाते.

दुसरा शब्द ‘शेवा’ (मराठी रूप ‘शेबा’), म्हणजे सात. ‘सात विहिरी’ म्हणायचे असते तर हिब्रूत ‘शेवा बेएरोत’ असे अनेकवचन आले असते. येथे विहीर एकवचनी आहे आणि तिच्यापुढे संख्या षष्ठीसारखी जोडलेली आहे, त्यामुळे शब्दशः अर्थ ‘साताची विहीर’ असा होतो. गावात सात विहिरी मोजून दाखवण्याची हौस जुनी असली, तरी त्या मोजणीने नावाचा उलगडा होत नाही.

हे सात कसले, ते बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात सांगितले आहे. अब्राहामाने खणलेली विहीर राजा अबीमलेखाच्या चाकरांनी बळकावली होती. अब्राहामाने त्याबद्दल राजाला जाब विचारला, त्याच्याशी करार केला आणि कळपातली सात मादी कोकरे वेगळी काढून ती राजाला दिली, जेणेकरून ही विहीर आपण खणली याची ती साक्ष ठरावीत. पुढे लगेच लिहिले आहे की, त्या दोघांनी तेथे शपथ वाहिली म्हणून त्या जागेला बैर-शेबा हे नाव पडले. म्हणजे कथेत सात कोकरे ठळकपणे मांडली आहेत आणि कारण देताना मात्र शपथेचा उल्लेख केला आहे. हा लेखकाचा गोंधळ नव्हे. ‘सात’ यासाठी असलेला ‘शेवा’, ‘शपथ’ यासाठी असलेला ‘शेवुआ’ आणि ‘शपथ वाहिली’ यासाठी असलेला ‘निश्बा’ या तिन्ही शब्दांत तीच तीन मूळ व्यंजने आहेत, आणि शपथ घेणे म्हणजे मुळात स्वतःला साताने बांधून घेणे, असा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने अरबांच्या करारविधीचे वर्णन करताना, करार करणाऱ्यांच्या मध्ये ठेवलेल्या सात दगडांना त्यांचे रक्त लावले जाई, असे लिहिले आहे. त्यामुळे हा संबंध मला केवळ शब्दांचा खेळ वाटत नाही.

उत्पत्तीच्या 26व्या अध्यायात हेच नाव पुन्हा, पण अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या संदर्भात येते. बापाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या उपसल्या आणि त्यांना बापाने ठेवलेलीच नावे दिली. नव्या विहिरींवरून भांडण झाले तेव्हा एकीला ‘एसेक’ म्हणजे तंटा, दुसरीला ‘सितना’ म्हणजे वैर, आणि जिच्यावरून कोणी भांडले नाही तिला ‘रहोबोथ’ म्हणजे ऐसपैस जागा, असे नाव पडले. शेवटी अबीमलेखाशी शपथपूर्वक सलोखा झाला, त्याच दिवशी चाकरांनी पाणी लागल्याची बातमी आणली आणि त्या विहिरीला ‘शिवआ’ हे त्याच तीन व्यंजनांचे नाव मिळाले. हे गाव ज्या भागात आहे त्या, दक्षिण इस्राएलमधील नेगेव वाळवंटाच्या उत्तर कडेला वर्षाला सुमारे 200 मिलिमीटर पाऊस पडतो. अशा मुलखात विहिरीचे नाव हा सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखा हक्काचा पुरावा असतो, आणि ही सगळी नावे मी तशीच वाचतो.

प्राचीन भाषांतरकारांनाही हे नाव एका अर्थात बसवता आले नाही. सेप्टुआजिंट या हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतराने या दोन्ही कथांमध्ये ‘शपथेची विहीर’ असे भाषांतर केले. संत जेरोमने लॅटिनमध्ये इसहाकाच्या विहिरीला ‘विपुलता’ म्हटले, कारण हिब्रूत ‘श’ आणि ‘स’ यांसाठी एकच अक्षर आहे; त्या काळी त्यांतला भेद दाखवणारा बिंदू लिहिला जात नसे आणि ‘स’ वाचला की तोच शब्द तृप्तीचा होतो. अरबीत गावाला ‘बिर अस-सबा’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ ‘साताची विहीर’ असाही सांगतात व ‘सिंहाची विहीर’ असाही.

आजच्या बेएर शेवा शहराच्या पूर्वेला असलेल्या प्राचीन टेकाडावर इस्राएली पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांनी 1969 मध्ये उत्खनन सुरू केले आणि ते 1976 पर्यंत चालले. तेथे नगराच्या वेशीबाहेर जवळजवळ 69 मीटर खोल विहीर सापडली. ती अब्राहामाचीच असे सिद्ध करता येत नाही. तथापि, पाण्यासाठी इतके खोल खणावे लागत असेल, तर एका विहिरीसाठी राजाकडून शपथ घेण्याची गरज का पडली हे ती पाहून नीट कळते.