नवी पद्धत बसवायची तर आधी टोळीला विचार

भाऊ, रावेरच्या केळी पॅकहाऊसवर सुपरवायझर झालास, आनंद वाटला. आता फण्या सुट्या करून, तुरटीच्या पाण्यात धुऊन खोक्यात भरायची पद्धत बसवायची ना? भिंतीवर नियम चिकटवून सुरुवात करू नकोस. कापणी टोळीचा मुकादम, फण्या धुणाऱ्या बाया, गाडी भरणारे हमाल यांना एकत्र बसव. चीक कुठे लागतो, साल कुठे खरचटते, त्यांच्याच तोंडून ऐक. टेबलाची उंचीही बायांनाच ठरवू दे.

मजुरीचं मात्र आधी बोल. काम वाढलं आणि दाम तोच राहिला, तर कुणी मनापासून हात लावणार नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. तापमान १३ अंश सेल्सिअसखाली गेलं की केळ्याची साल काळवंडते, अशा कारणांसकट नियम सांग. सुरुवात एकाच टोळीपासून कर. पुढच्या टोळीला या पहिल्या टोळीच्याच मुकादमाला शिकवू दे.