वाकायचीच भीती वाटते

प्रश्न : वय ४७. तीन वर्षांपासून कंबर दुखते. एमआरआयमध्ये एल४-एल५ या कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी फुगलेली निघाली. डॉक्टरांनी तपासून ऑपरेशनची गरज नाही म्हटलं आणि ‘मेंदूला सुरक्षित वाटू द्या’ असं सुचवलं. म्हणजे दुखणं माझ्या मनाचं आहे का? आता तर वाकायचीच भीती वाटते. – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही ताई, दुखणं खरं आहे. पण दुखतंय म्हणजे आत काही बिघडतंयच, असं नसतं. चाळिशीतल्या, काहीच न दुखणाऱ्या जवळपास निम्म्या लोकांच्या एमआरआयमध्येही फुगलेली गादी दिसते. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसा तुमचा मेंदू साध्या वाकण्यालाही धोका समजू लागला आहे.

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधनात (२०२१) जुनाट कंबरदुखीच्या ५० जणांना चार आठवडे मेंदूची ही भीती घालवणारे उपचार दिले. ३३ जणांचं दुखणं थांबलं किंवा नावापुरतं उरलं. मात्र त्यांचं दुखणं सौम्य ते मध्यम होतं, हे लक्षात घ्या.

दुखणं दहापैकी ३-४ असेल तेव्हा ५ मिनिटं निवांत बसा. कळ जोरात असताना हे करू नका. श्वास संथ सोडत कंबरेकडे लक्ष द्या. ठसठसतंय, की ओढ बसतेय? कुठवर पसरतंय? ‘त्रास होतोय, पण इजा होत नाहीये’ असं मनाशी म्हणा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच : ‘कमी झालं का?’ म्हणून सारखं चाचपत राहतात. त्या चाचपण्यानंच मेंदू आणखी सावध होतो.

मग वाकणं. खुर्चीत बसून हात गुडघ्यांवरून घोट्यांकडे न्या. पाच वेळा सहज जमत असेल तर चारनेच सुरुवात करा, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला एकेक वाढवा. ते सवयीचं झालं की रिकामी कळशी उचला, पुढे पाव भरलेली. उचलताना दात आवळले जातात, श्वास अडतो, पोट ताठ होतं; ते सैल सोडणं हाच खरा सराव. बरं वाटलं म्हणून एका दिवसात अख्खा माळा आवरायला काढू नका, नाहीतर पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात आणि भीती पुन्हा वाढते.

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप किंवा विनाकारण वजन घटणं असेल, तर सराव थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.