पोपटीचं आमंत्रण आलंय, जाऊ का?

प्रश्न : मी बार्शीची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, वय ६२. नाताळच्या सुट्टीत नातू घरी आणि मुलगी-जावयाची ऑफिसं मात्र चालू, म्हणून नवी मुंबईत सीवूड्सला मुलीकडे आले आहे. तिच्या पार्किंगमध्ये नातवाची गिअरची सायकल धूळ खात उभी होती. तो आता तिच्याकडे ढुंकून बघत नाही. मी चाकांत हवा भरून घेतली आणि सकाळी फिरवायला लागले. नोकरीतली बरीच वर्षं सायकलवरूनच शाळा गाठली आहे, त्यामुळे पडायची भीती नव्हती. भीती होती ती गिअरची, आणि झालंही तसंच. टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेजवळच्या रस्त्यावर चेन उतरली.

बोटं काळी करत बसले होते, तेवढ्यात मागून एक बाई सायकलवरून आल्या. पंजाबी ड्रेस, पायात मुलाचे असावेत असे बूट, कानाला स्कार्फ. उतरल्या, एका काटकीने चेन चढवून दिली आणि म्हणाल्या, “ए बाय, शीट वर कर, नायतर गुडघे कामातून जातील!” करावे गावच्या आहेत. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण चालायचा कंटाळा येतो म्हणून मुलाची जुनी सायकल घेऊन निघतात. तेव्हापासून आम्ही रोज बरोबर असतो. आज फ्लेमिंगो तळ्यावर कधी येतील हे त्या तिथीवरून सांगतात. इतकं हसणं मला निवृत्तीनंतर ठाऊक नव्हतं.

त्यांनी येत्या रविवारी मला घरी पोपटीला बोलावलंय. मडक्यात शेंगांबरोबर कोंबडी-अंडी शिजवतात म्हणे, आणि मी शाकाहारी, अंडंही खात नाही. मुलगी म्हणते, “आई, ओळख ना पाळख, गावात कुणाच्या घरी जेवायला कशाला जातेस? ही बार्शी नाही.” सकाळी सायकलवर जाणंही तिला पसंत नाही. मी जावं का? आणि समजा गेले, तरी सुट्टी संपली की मी बार्शीला, त्या इथे. या वयात अशा मैत्रीचं पुढे काय होतं? सांगायला लाज वाटते, पण त्यांचं नावसुद्धा मी अजून विचारलेलं नाही. त्या मला बाय म्हणतात, मी त्यांना ताई.

– एक आजी, मुक्काम सीवूड्स

उत्तर : हा अंक हाती पडेपर्यंत तुमचा रविवार उलटून गेलेला असेल. म्हणून ‘जा’ या निरोपासकट हे सगळं उत्तर तुम्ही दिलेल्या नंबरावर आधीच धाडलं होतं. तेच इथे छापते. सुट्टीत लेकीकडे येऊन चौथ्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या आज्यांची पत्रं माझ्याकडे पुष्कळ येतात. सायकलवर निघालेल्या आजीचं मात्र हे पहिलंच.

आधी नाव. उद्या भेटाल तेव्हा दुसरं काही बोलायच्या आत विचारा. “ताई, इतक्या दिवसांत मी तुमचं नावच विचारलं नाही,” म्हणा, त्या हसतील. मग फोन नंबर घ्या, आणि तो ‘करावे’ म्हणून नाही, नावाने साठवा.

मुलीच्या म्हणण्यात दोन भीती एकत्र झाल्या आहेत, त्या सुट्या करा. रस्त्याची भीती खरी आहे आणि त्यात मी तिच्या बाजूची. पाम बीच रोड दिसतो सुरेख, पण तो सहा पदरी रस्ता आहे आणि पहाटे मोकळा मिळाला की गाड्या कशा सुटतात ते मी नेरुळच्या माझ्या घरातून नुसत्या कानांनी सांगू शकते. त्या रस्त्यावर सायकल घालू नका. ओलांडायचा असला तर सिग्नलला उतरून, सायकल हातात धरून. सेक्टरमधले रस्ते आणि तळ्याकडची बाजू तुम्हाला पुरे. दुसरं म्हणजे, डिसेंबरअखेर इथे सूर्य सातनंतर उगवतो. सहाला निघत असाल तर तुम्ही अंधारात चालवताय, आणि गडद रंगाची शाल गुंडाळलेली बाई ड्रायव्हरला दिसतच नाही. पावणेसातला निघा, मागे लाल दिवा लावा, अंगात काहीतरी पिवळं-पांढरं असू द्या. आठपर्यंत परत या, म्हणजे मुलीला ऑफिसला निघताना घड्याळ आणि नातू दोन्हीकडे बघत बसावं लागणार नाही. तिच्या रागात हा भागही असणार. तिने तुम्हाला सोबतीला बोलावलं आणि तुम्हीच सोबत शोधून आलात. तिने ते कबूल करावं असा आग्रह धरू नका.

सीटबद्दल त्या बाईंचं शंभर टक्के बरोबर आहे. टाच पॅडलवर ठेवा, पॅडल तळाला न्या, पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. नातवाच्या मापाच्या सीटवर तुमचा गुडघा प्रत्येक फेऱ्याला दुमडून भार घेतो. आणि चढ नसेल तर पुढचे गिअर विसरून जा, मागचेच बदला. चेन कमी वेळा उतरेल.

दुसरी भीती ‘गावात कुणाच्या घरी’ ही. इथे मी तुमच्या मुलीच्या बाजूची नाही. ती ज्या इमारतीतून हे बोलते आहे तिच्या आधी इथे गाव होतं. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे-रायगडातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या, भातशेती आणि मिठागरं दोन्ही. १९८४च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणजवळच्या जासई आणि दास्तान फाट्यावर शेतकरी मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण गेले. ज्याला इथे सगळे नुसतं ‘साडेबारा टक्के’ म्हणतात, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत, ते त्या लढ्यातून आलं. वाशीपर्यंत लोकल १९९२ला पोचली, त्यानंतर आम्ही सगळे आलो आणि आता आम्हीच विचारतो की या गावातली माणसं कोण. मुलीला हे भाषण देऊ नका, चिडेल. एवढंच सांगा की त्या बाईंचा पत्ता तिच्या पत्त्यापेक्षा जुना आहे.

शिवाय ओळख ना पाळख असं तरी कुठे राहिलंय? भरती-ओहोटी तिथीवरून सांगणारी बाई खाडीकाठी वाढलेली असते, ते सोंग आणता येत नाही. हिशेब तुम्हालाही येईल, शिक्षिका आहात. मुंबईच्या बाजूला अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास आणि रात्री बाराच्या सुमारास असते. रोज ती पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून अष्टमीला सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी उंच चढतं ते उधाण, अष्टमीच्या सुमाराला कमी चढतं ती भांग. खाडीतला चिखल भरतीने झाकला की फ्लेमिंगोंना चरायला जागा राहत नाही, मग ते चाणक्य नाहीतर डीपीएस शाळेजवळच्या तळ्याकडे येतात. डिसेंबरात त्यांची सुरुवात असते, नंतर गर्दी वाढते. त्या बाई हे सगळं कॅलेंडरवर एक नजर टाकून सांगतात. तुम्ही वहीत लिहून घ्या, नातवाला पक्ष्यांपेक्षा हे गणित जास्त आवडण्याची शक्यता आहे.

आता पोपटी. बार्शीच्या माणसाला हे नाव ऐकून पोपट आठवला असेल. रायगड-पनवेलच्या बाजूला थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की हा बेत ठरतो. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, रताळी, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. सगळं शिजतं ते शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र करून उडून गेलं की झाली. मी सारसोळ्याला एका ओळखीच्या घरी खाल्ली आहे आणि त्या पाल्याचा वास दुसऱ्या दिवशीही शालीला होता. शेंगा सोलून खाताना कुणी कुणाशी औपचारिक बोलू शकत नाही, हाही तिचा गुण.

तुमची अडचण अशी की बहुतेक मडक्यांत शेंगांच्या मध्ये अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी असते. मडकं एकदा बंद झालं की वेगळं काही काढता येत नाही आणि वाफ सगळ्यांची एकच. म्हणून जेवायच्या वेळी नाक मुरडण्यापेक्षा दोन दिवस आधी स्पष्ट सांगा, “ताई, माझ्यासाठी एक लहान मडकं नुसत्या शेंगा-बटाट्याचं लावाल का?” यात त्यांना कमीपणा नाही. आगरी-कोळी घरांत मार्गशीर्षातले गुरुवार कडक पाळणारी माणसं असतात, शाकाहारी पाहुणी त्यांना नवी नाही. ‘मला काही नको, मी नुसती बसते’ असं मात्र म्हणू नका. ते यजमानणीला लागतं. शेजारी कोंबडी खाणारे असतील, तेवढं तुम्ही सोसा.

नातवाला बरोबर न्या. सायकल त्याची आहे, आणि आजीने एकटीने जाण्यावर मुलीचे जे आक्षेप आहेत त्यातले निम्मे तो बरोबर असला की गळतात. मुलीला परवानगी मागू नका, पत्ता आणि नंबर देऊन ठेवा. “संध्याकाळी न्यायला ये आणि दहा मिनिटं बस,” असंही सांगा. ती आली तर उत्तम. नाही आली तर रिक्षा आहे.

हातात काय न्यायचं? मिठाईचा बॉक्स नको, त्यांना साखर आहे. बार्शीहून येताना मुलीसाठी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणला नसेल यावर माझा विश्वास बसायचा नाही. त्यातली अर्धी चटणी आणि कडक भाकऱ्या न्या. इथल्या तांदळाच्या मऊ भाकरीवर वाढलेल्या माणसाला पापडासारखी मोडणारी ज्वारीची भाकरी बघायलाच गंमत वाटते.

राहिला प्रश्न पुढचा. सुट्टीतल्या मैत्र्या तुटतात त्या अंतरामुळे, असं मला कधी पटलेलं नाही. तुटतात त्या एकतर्फीपणाने. आलेल्या पाहुण्याला चार दिवस करमणूक झाली, फोटो निघाले, आणि ज्यांनी रस्ता दाखवला ते रस्त्यावरच राहिले. त्यांनी तुम्हाला घरी बोलावलं, तेव्हा आता बोलावण्याची पाळी तुमची. आणि तुमच्याकडे तर नेमकं काय आहे! त्यांच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा, तुमच्याकडे थंडीतच हुरडा. गुळभेंडीची कोवळी कणसं, शेणीची आगटी, तळहातावर चोळलेला गरम हुरडा आणि तीच शेंगदाण्याची चटणी. हे आमंत्रण पोपटी खातानाच द्या, आणि ‘या कधीतरी’ असं मोघम नको. जानेवारीतला एखादा शनिवार-रविवार सांगा. तुमच्या ओळखीत कुणाचं तरी शेत असेलच.

रोज सुप्रभात पाठवायची गरज नाही. त्याने मैत्री टिकत नाही, मोबाइल भरतो. त्यांना लिहायचा कंटाळा असेल तर आवाज पाठवायला सांगा, तुम्हीही तेच करा. सायकल चालवून आल्यावर, दम लागलेला असतानाच बोला. हो, बार्शीला गेल्यावर सायकल घ्या. जुनी लेडीज सायकल मिळाली तरी चालेल, तिला गिअर नसतात हे तुमच्या दृष्टीने चांगलंच.

आणि त्या खरंच यायच्या झाल्या, तर लातूर एक्सप्रेस रात्री मुंबईहून निघते आणि पहाटे बार्शीला पोचवते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. या जानेवारीला जागा मिळाली नाही तर पुढच्या थंडीचं आताच ठरवून ठेवा. स्टेशनवर घ्यायला तुम्ही स्वतः जा, रिक्षा घेऊन. त्यांच्या सामानात तुमच्यासाठी वालाच्या शेंगा असतील आणि शेजारणीपाजारणींसाठी सुक्या मासळीची एक पिशवी असण्याची दाट शक्यता आहे. ती घरात कुठे ठेवायची, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.